नातवाला आरएसव्ही झाला आहे. दमा असलेल्या आजोबांना कितपत धोका आहे?

पाळणाघरातून नातवाला लागलेला आरएसव्ही (श्वसनमार्गाचा एक विषाणूजन्य संसर्ग) हा लहान मुलांचाच आजार समजायचा, की दमा असलेल्या ७४ वर्षांच्या वडिलांचीही काळजी करायची, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वडिलांचीही तितकीच करावी. मी डॉक्टर नाही. परंतु दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्या आईला याच विषाणूने न्यूमोनिया झाला होता.

या विषाणूविरुद्धची प्रतिकारशक्ती फार काळ टिकत नाही, त्यामुळे तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा होतो. धडधाकट माणसाचे सर्दी-खोकल्यावर निभावते; मात्र उतारवयात तोच छातीत उतरू शकतो आणि दमा, सीओपीडी (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा हृदयविकार यांसारखे आटोक्यात असलेले जुने दुखणेही उसळते. मग घरचे त्या दुखण्यालाच दोष देत बसतात.

ज्येष्ठांना अनेकदा फारसा ताप येत नाही, आणि आम्ही फसलो ते इथेच. थर्मामीटर ९९ च्या वर जाईना, म्हणून चार दिवस काढा आणि वाफेवर काढले. पाचव्या दिवशी मोरीपासून पलंगापर्यंत, म्हणजे आमच्या गिरगावच्या खोलीत जेमतेम आठ पावले, येताना आई कपाट धरून उभी राहिली आणि ‘चहा ठेव’ एवढेही तिला एका दमात म्हणता येईना.

ज्येष्ठांच्या नाकात विषाणू कमी प्रमाणात सापडत असल्याने झटपट होणारी अँटिजेन चाचणी चुकू शकते; विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी अधिक भरवशाची. अँटिबायोटिक या विषाणूवर चालत नाही, तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नये. फ्लूची लस यावर उपयोगी नाही. आरएसव्हीची स्वतंत्र लस आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींसाठी तिला मान्यता मिळाली. वडिलांना ती द्यावी का, हे त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना विचारावे.

मुंबईच्या घरात नातवाला वेगळी खोली कुठून देणार? निदान हात साबणाने धुणे, पेला-टॉवेल वेगळा ठेवणे आणि काही दिवस त्याला आजोबांजवळ न झोपवणे एवढे जमते. शिवाय वडील बरे असतानाच ऑक्सिमीटरवरचा त्यांचा नेहमीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवावा. कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी आईचा तोच आकडा आधी विचारला, आणि आमच्यापैकी कोणालाच तो ठाऊक नव्हता.