इंग्रजीत दोन आठवड्यांना ‘फोर्टनाइट’ का म्हणतात? त्यात ‘फोर्ट’ कुठून आला?

किल्ल्याशी याचा काडीचाही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘चौदा रात्री’ असे दोन शब्द होते. बोलताबोलता ते एकमेकांत मिसळले, ‘फोर्टीन’चा शेवट झिजला आणि ‘फोर्टनाइट’ उरला.

मला जास्त आवडतं ते यातलं ‘नाइट’. दिवस सोडून रात्री का मोजायच्या? ही जर्मानिक टोळ्यांची जुनी रीत. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास त्यांच्याबद्दल लिहून ठेवलंय की हे लोक आपल्यासारखे दिवस मोजत नाहीत, रात्री मोजतात. रात्र आधी आणि दिवस तिच्या मागून, अशी त्यांची समजूत. त्यांच्या सभाही चंद्र नवा किंवा पूर्ण असताना भरत. यातल्याच काही टोळ्या पुढे ब्रिटनमध्ये गेल्या आणि त्यांच्या बोलीतून इंग्रजी घडली.

याच घरातला दुसरा शब्द ‘सेनाइट’, म्हणजे सात रात्री, एक आठवडा. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधली चेटकीण तो वापरते. ‘वीक’ हा सुटसुटीत शब्द हाताशी असल्याने ‘सेनाइट’ मागे पडला. दोन आठवड्यांना मात्र दुसरा एकच शब्द नव्हता, म्हणून ‘फोर्टनाइट’ टिकला, निदान ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे. अमेरिकन माणूस सहसा ‘टू वीक्स’ म्हणतो.

भाषांतर करताना एवढं लक्षात ठेवा: आपला पक्ष पंधरा तिथींचा, फोर्टनाइट नेमका चौदा दिवसांचा.