मत्स्यालयात एकेका प्राण्याची ओळख करून देणारं तंत्रज्ञान खरंच उपयोगी पडतं का?

तुम्ही विचारलंय की राणीच्या बागेत मुलांना सगळे पेंग्विन सारखेच दिसले, तर एकेकाची ओळख करून द्यायला बाहेर काय वापरतात आणि त्याचा फायदा होतो का.

प्रदर्शनांसाठी टचस्क्रीन बनवणं हाच माझा धंदा, तरी सांगतो की बहुतेक स्क्रीन वाया जातात. मुलं त्यावर बोटं आपटत बसतात आणि काचेपलीकडे बघतच नाहीत.

मला आवडलेल्या उदाहरणात यंत्र जवळपास नाहीच. क्योटो मत्स्यालय आणि टोकियोचं सुमिदा मत्स्यालय आपापल्या पेंग्विनांच्या नात्यांचा तक्ता काढतात. कोणाची जोडी जमली, कोणाचं बिनसलं, कोणाचा जीव थेट सांभाळणाऱ्या माणसावरच जडलाय, सगळं त्यात असतं. (आपल्या मालिकांना पुरून उरेल इतकी भानगड!) पंखावरच्या रंगीत पट्टीवरून पेंग्विन ओळखायचा. क्योटोत नावंही शहरातल्या रस्त्यांवरून ठेवलेली. तक्ता नेटवर बघितला तरी त्यातली पात्रं शोधायला काचेपाशीच जावं लागतं.

सुमिदानं २०२० मध्ये तर उलटाच प्रकार केला. कोरोनामुळे मत्स्यालय बंद होतं. वाळूत बिळं करून राहणारे तिथले सुमारे ३०० ईल मासे माणसांना विसरले आणि कर्मचारी जवळ आले की वाळूत दडू लागले. त्यांची तब्येत बघणं अवघड झालं. मग मेच्या सुरुवातीला टाकीसमोर पाच टॅब्लेट लावले आणि लोकांना सांगितलं, व्हिडिओ कॉल करून या माशांना तोंड दाखवा. स्क्रीन होती, पण माशांसाठी!

ओळख पटवणारी सॉफ्टवेअरंही आहेत. व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके जुळवायला आकाशातले तारे जुळवण्याची खगोलशास्त्रातली पद्धत वापरतात, त्यामुळे हौशी पाणबुड्याचा फोटोही कामी येतो. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावरचे पेंग्विन छातीवरच्या काळ्या ठिपक्यांवरून कॅमेऱ्यानं ओळखून दाखवले. हे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात आणि पिसं झडून नवी आली तरी बदलत नाहीत.

राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन याच आफ्रिकन पेंग्विनांचे भाऊबंद. तेव्हा अ‍ॅपच्या आधी डोनाल्ड, डेझी अशा तिथल्या पेंग्विनांच्या छातीचे मोठे फोटो नावासकट काचेशेजारी लावावेत, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. छपाईचा खर्च तो काय!