बोटुकल्यांच्या पाठीला बाहेरून टॅग लावला तर त्यांचं पोहणं बिघडतं का?

तुमचा प्रश्न असा, की शेततळ्यात सोडायच्या तीन इंची रोहूच्या बोटुकल्यांना, म्हणजे बोटभर पिल्लांना, ओळख म्हणून पाठीवर टॅग लावला तर पोहण्यात फरक पडेल का. पडेल. मी निपाणीकडचा. हा उद्योग करून बसलोय.

मी तर साध्या नायलॉनच्या दोऱ्यात रंगीत मणी ओवून पाठीच्या पराखाली (पर म्हणजे माशाचा पंख) बांधले होते. मणी तो केवढा! पण काही दिवसांत त्यावर शेवाळ चढलं, दोरा हाप्याच्या (पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पिंजऱ्याच्या) जाळीत अडकू लागला, टोचलं होतं तिथली खवलं जाऊन लाल जखम झाली. खाद्य टाकलं की बाकीची पोरं वर यायची, मणीवाली मागंच.

मी नुसतं वजन बघत होतो, तिथं चुकलो. खरा घोळ पाण्याच्या ओढीचा. मासा दुप्पट वेगानं पळाला की ही ओढ साधारण चौपट होते. त्यामुळं संथ तळ्यात सगळं ठीक दिसतं. खंड्यानं झेप घेतली की कळतं. शिवाय टॅग एका अंगाला असला, तर सायकलला एकाच बाजूला दुधाचा कॅन लावल्यागत: तोल सांभाळण्यातच दम जातो.

हे मोजतात कसं? बंद नळीत मासा ठेवून ठरावीक वेळानं पाण्याचा वेग वाढवत न्यायचा, मासा थकून मागच्या जाळीला चिकटेपर्यंत. कॅनडातल्या ब्रेट यांनी १९६४ साली लहान सॅमन माशांवर ही पद्धत मांडली, अजून तीच चालते. हातभर माशांत टॅगचा फरक बरेचदा जाणवतही नाही. बोटभर पिल्लाला मात्र तोच टॅग अंगाच्या मानानं अवजड. घटप्रभेसारख्या वाहत्या पाण्यात सोडायची असतील तर विचारच सोडा.

टॅगचं वजन माशाच्या २ टक्क्यांच्या आत ठेवावं, असा जुना ठोकताळा आहे. तुमची बोटुकली पाच ग्रॅमची धरली तर ०.१ ग्रॅम. पोटात घालायची १२ मिलिमीटरची पिट चिप (ओळख क्रमांक असलेली बारीक चिप) जेमतेम त्यात बसते, पण ती वाचायला वेगळं यंत्र लागतं. दोनशे माशांसाठी एवढा खर्च मी तरी करणार नाही.

त्यापेक्षा पोटाखालच्या जोडीतला एकच पर कात्रीनं छाटा. ट्राउटच्या शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात, तो रोहूला नसतोच. छाटलेला पर पुन्हा उगवतो, तेव्हा महिन्याभरानं जाळं टाकून खूण दिसते का बघून घ्या.