वाचकांचे प्रश्न : इंग्रजी–इटालियन वैज्ञानिक संज्ञासंग्रह

प्रश्न : आम्ही काही अनुवादक ज्वालामुखीशास्त्रावरील इंग्रजी लेखन इटालियनमध्ये आणतो. प्रत्येकाच्या संज्ञा वेगळ्या पडतात, म्हणून सामायिक संग्रह करायचा आहे. इंग्रजी शब्दांची यादी करून पुढे इटालियन प्रतिशब्द लिहीत जावे का?

उत्तर : यादी हाताशी असू द्या, पण संग्रहाचा पाया संकल्पनेवर ठेवा : एका संकल्पनेची एकच नोंद करावी आणि तिच्यात दोन्ही भाषांतील सर्व संज्ञा याव्यात. आपल्या विषयात तर संज्ञांचा प्रवास बऱ्याचदा उलट्या दिशेने झाला आहे. इटलीतील व्हेसुव्हियस ज्वालामुखीची वेधशाळा १८४१ साली स्थापन झालेली, ज्वालामुखींच्या अभ्यासासाठीची जगातील सर्वांत जुनी. ‘लाव्हा’ आणि ‘सोल्फातारा’ (गंधकयुक्त वायू बाहेर पडणारी ज्वालामुखीय जागा) हे शब्द इंग्रजीने इटालियनकडूनच घेतले. म्हणून इटालियन संज्ञा मूळ इटालियनमध्ये लिहिलेल्या शोधनिबंधांतून आणि पाठ्यपुस्तकांतून वेचाव्यात. अनुवादित मजकूर यासाठी टाळावा, कारण आधीच्या अनुवादकाने केलेली तडजोड त्यातून प्रमाण संज्ञा म्हणून संग्रहात शिरते.

‘पायरोक्लास्टिक फ्लो’, म्हणजे उद्रेकातून उतारावरून वेगाने येणारा तप्त वायू, राख आणि खडकांचा लोंढा, ही संज्ञा पाहा. इटालियनमध्ये ‘फ्लुस्सो पिरोक्लास्तिको’ आणि ‘कोलाता पिरोक्लास्तिका’ ही दोन्ही रूपे आढळतात. शिवाय ‘कोलाता’ लाव्हाच्या प्रवाहासाठीही वापरतात, आणि ‘नुबे आर्देंते’ ही जुनी संज्ञाही भेटते. दोन रकान्यांच्या यादीत यांतील एकच उरेल आणि तीच का, हे कोणालाच कळणार नाही. नोंदीत मात्र पसंतीची, पर्यायी आणि जुनी संज्ञा असे प्रत्येकीचे स्थान सांगता येते. ‘सर्ज’साठी (अशाच पण विरळ, वायूचे प्रमाण अधिक असलेल्या लोंढ्यासाठी) इटालियन अभ्यासक ‘सर्ज पिरोक्लास्तिको’ असेच लिहितात. तेथे नवा शब्द घडवण्याचा मोह कटाक्षाने आवरावा, कारण आपला संग्रह अभ्यासकांचा वापर नोंदवण्यासाठी आहे.

व्याख्या शक्य तेथे मोजता येईल अशी द्यावी. ‘लापिली’ म्हणजे २ ते ६४ मिलिमीटर आकाराचे तुकडे आणि त्याहून बारीक ती राख, एवढे लिहिले की दोन्ही भाषांतील संज्ञा एकाच वस्तूच्या आहेत याची खात्री पटते. प्रत्येक संज्ञेसोबत मूळ वाक्य, त्याचा स्रोत आणि नोंदीची तारीख असावी.

सुरुवातीला साधा तक्ता पुरेल. पुढे टीबीएक्स या आंतरराष्ट्रीय प्रमाण स्वरूपात माहिती ठेवल्यास ती दुसऱ्या प्रणालीत नेता येते. युरोपीय संघाचा आयएटीई हा परिभाषासंग्रह २००७ पासून सर्वांना खुला आहे; तेथील नोंदींची रचना अवश्य अभ्यासा. तयार नोंदी मात्र त्या विषयाच्या इटालियन अभ्यासकाने तपासल्यानंतरच अनुवादकांच्या हाती द्याव्यात.