फॉरमॅट मारण्याआधी मदरबोर्डवरचा सेल बदलून बघा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप. बटण दाबलं की पंखे फिरतात, लोगो येतो, विंडोजचं चिन्ह दिसतंय तोच निळा पडदा क्षणभर चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. घड्याळ २००९ सालात जाऊन बसलंय. ओळखीतल्या एकाने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्राममध्ये) काहीतरी बदललं तेव्हा काही दिवस व्यवस्थित चाललं. मग तुम्ही बाहेरगावी जाताना भिंतीवरचं बटण बंद केलंत आणि आल्यावर परत तेच. आता तो म्हणतोय विंडोज उडालंय, फॉरमॅट मारू. आणि मुलांचे लहानपणापासूनचे फोटो त्याच डिस्कवर आहेत, दुसरी प्रत कुठेही नाही.

फॉरमॅट मारू देऊ नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून माझा पहिला संशय विंडोजवर नाही, मदरबोर्डवरच्या सेलवर आहे.

नाण्याच्या आकाराचा, ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल. बायोसच्या सेटिंग आणि घड्याळ टिकवायचं काम त्याचं. तो संपला तरी कित्येक महिने कळत नाही, कारण भिंतीवरचं बटण चालू असेल तर मशीन बंद असतानाही एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डाला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. वीज पूर्ण तुटली की मात्र सगळं पुसलं जातं. तुमचं मशीन नेमकं बटण बंद केल्यावरच बिघडलं, हे म्हणूनच महत्त्वाचं आहे.

तारीख चुकल्याने सहसा विंडोज अडत नाही. अडतं ते साटा मोडमुळे, म्हणजे बोर्ड हार्डडिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो त्या सेटिंगमुळे. बायोसमध्ये हार्डडिस्कसाठी आयडीई आणि एएचसीआय असे दोन मोड असतात. विंडोज ७ ज्या मोडमध्ये टाकलं असेल, त्याचाच ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्राम) ते सुरुवातीला लोड करतं. सेल संपल्यावर बायोस आपल्या मूळ सेटिंगवर जातं आणि त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर मूळ सेटिंग आयडीई असतं. तुमचं विंडोज एएचसीआयमध्ये टाकलेलं असेल, तर डिस्क ठणठणीत असूनही त्याला ती वाचता येत नाही. मग निळा पडदा, रीस्टार्ट, निळा पडदा. तुमच्या ओळखीच्यांनी बहुधा हेच सेटिंग बदललं होतं, म्हणून ते काही दिवस चाललं.

याची खात्री करून घ्या. मशीन सुरू होताना एफ८ दाबत राहा, यादीतून ‘डिसेबल ऑटोमॅटिक रीस्टार्ट’ निवडा. निळा पडदा आता थांबेल. खाली ‘स्टॉप’ या शब्दापुढे लांबलचक कोड असतो. त्याचा पहिला आकडा ७बी ने संपत असेल, तर विंडोजला स्वतःची डिस्क सापडत नाहीये. तसं असेल तर बायोसमध्ये जा, साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय करा, एएचसीआय असेल तर आयडीई. सेव्ह करून बाहेर या. हा बदल डिस्कवरच्या एकाही फाइलला हात लावत नाही, तेव्हा बिनधास्त करून बघा.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आत्ता फॉरमॅट मारलंत तर नवीन विंडोज बायोसच्या मूळ मोडमध्येच टाकलं जाईल आणि मशीन झकास चालेल. सगळ्यांना वाटेल, विंडोजच बिघडलं होतं. फोटो गेलेले असतील आणि मेलेला सेल बोर्डावर तसाच असेल.

सेल बदलताना वायर भिंतीतून काढा, मग पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या धातूला एकदा हात लावा. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते, ती बोटाने किंवा प्लास्टिकच्या काडीने बाहेर ढकलली की सेल वर उसळतो. नवीन बसवताना अधिकची खूण वर. नंतर तारीख आणि साटा मोड पुन्हा लावा, आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विंडोज उघडलं की दुसरं काहीही करायच्या आधी फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातले दहावीस उघडून बघा. नुसतं ‘कॉपी झालं’ यावर विसंबू नका.

मोड बदलूनही सुरू झालं नाही, तरी घाबरू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्सचा (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून मशीन चालू करा. इन्स्टॉल नाही, ‘ट्राय’ निवडायचं. डिस्क दिसली तर फोटो तिथूनच कॉपी करा. डिस्क टकटक आवाज करत असेल तर मात्र ताबडतोब बंद करा. अशा डिस्कवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करणं म्हणजे उरलेला डेटा घालवणं, ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. आवाज नाही पण वाचताना अडखळतेय असं वाटलं, तर आधी कॉपी, तपासणी नंतर. खराब होत चाललेल्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहीत सुटतं.

रॅम आणि एसएमपीएसच्या मागे तुम्ही लागायची गरज दिसत नाही, लोगो येतोय म्हणजे पहिली तपासणी पार पडतेय. तरी कॅबिनेट उघडलंच आहे तर प्रोसेसरजवळचे उभे कपॅसिटर बघा. माथा सपाट हवा. फुगलेला किंवा चिकट तपकिरी द्रव सुटलेला दिसला, तर त्या बोर्डावर फार दिवस भिस्त ठेवू नका. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, वायर काढल्यावरही आत धोकादायक विद्युतदाब साठलेला असतो.

फोटो सुखरूप निघाल्यावर विंडोज ७ चं काय करायचं ते बघू. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्येच थांबलेत, त्यामुळे बँकेचे व्यवहार तरी त्यावर नकोत.

निळ्या पडद्यावरचा पूर्ण कोड आणि मदरबोर्डवर छापलेलं मॉडेलचं नाव इथे लिहा. साटा मोड कुठल्या पानावर असतो ते बोर्डागणिक बदलतं, मॉडेल कळलं की नेमकी जागा सांगतो.