४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे का? तिचं काही वैशिष्ट्य आहे का?

मूळ नाही. ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

शंभरपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं तर भाग जात नाही, म्हणून ती मूळ असावी असं कोणालाही वाटेल. त्यात नवल नाही, खुद्द सतराव्या शतकातला फ्रेंच गणिती फर्माही इथेच फसला. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. घातांक १, २, ४, ८, १६ घेतले तर ३, ५, १७, २५७, ६५,५३७ मिळतात आणि या पाचही मूळ आहेत. पुढच्याही सगळ्या तशाच असणार, असा फर्माचा कयास होता. १७३२ मध्ये गणिती ऑयलरने ६४१ हा विभाजक शोधून तो मोडीत काढला.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसतं. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. आता ६४१ ने भागल्यावर उरणाऱ्या बाकीचाच विचार करा. पहिल्या रूपावरून ५ × (२ चा ७ वा घात) ची बाकी −१ (म्हणजे ६४१ ला १ कमी). त्याचा चौथा घात घेतला की ६२५ × (२ चा २८ वा घात) ची बाकी १. दुसऱ्या रूपावरून ६२५ च्या जागी −१६ चालतो, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. म्हणजे २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य! मला तरी यापेक्षा देखणी सिद्धता पटकन आठवत नाही.

आता ६७,००,४१७ मूळ आहे हे कशावरून? ४,२९,४९,६७,२९७ च्या कोणत्याही विभाजकाला १२८ ने भागलं की बाकी १ च उरते. त्यामुळे वर्गमुळापर्यंत, म्हणजे २,५८८ पर्यंत, २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच उमेदवार उरतात. यातल्या कशानेच भाग जात नाही. कागद-पेन्सिलीने दहा मिनिटांचं काम.

वैशिष्ट्य विचारलंत म्हणून आणखी एक. ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येते: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग, आणि ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग. मूळ संख्येला असे दोन प्रकार कधीच नसतात, त्यामुळे एकही विभाजक माहीत नसला तरी ती संयुक्त आहे हे यावरूनच ठरतं. अर्थात दुसरी जोडी शोधणं हेही काही सोपं काम नाही.

प्रोग्रॅम लिहून तपासणार असाल तर ६४ बिटांचा पूर्णांक घ्या. ३२ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकात ही संख्या मावत नाही, तिथे तिचा नुसता १ होतो. आणि पाया २ घेऊन फर्माची चाचणी (पायाचा, संख्येपेक्षा १ ने कमी इतका घात घेऊन त्याला संख्येने भागलं की बाकी १ उरते का, हे पाहणं) लावू नका, त्या चाचणीत ही पास होते. पाया ३ घेतला की लगेच नापास.