कोंबड्या पेंगतात, हिरवं हगतात आणि मरतात. कोणतं औषध द्यावं?

तुम्ही लिहिलंय की परसातल्या २५ गावरान कोंबड्यांपैकी आठवड्याभरात ६ मेल्या, अजून चार-पाच पंख पाडून पेंगतायत, हगवण हिरवट-पांढरी आहे. दुकानदाराने दिलेली पिवळी पावडर तीन दिवस पाण्यातून पाजली तरी फरक नाही. आता दुसरं कोणतं औषध द्यावं, असा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. संगमेश्वर तालुक्यात राहते, चौदा-पंधरा वर्षं तीस-चाळीस कोंबड्या पाळते आणि त्यातल्या बऱ्याच माझ्याच चुकांनी घालवल्या आहेत. त्या अनुभवावरून सांगते: तुम्ही वर्णन करताय ते राणीखेतीसारखं दिसतं. जुनी माणसं तिला मानमोडी म्हणतात. आणि ती राणीखेत असेल तर तिच्यावर औषध नाही. तो विषाणू आहे. पिवळी पावडर बहुतेक टेट्रासायक्लीनची असणार, ती जिवाणूंवर चालते. दुकानदार दुसरी पावडर देईल, मग तिसरी देईल, आणि तोवर खुराडं रिकामं होईल.

पण ‘असेल तर’ म्हणाले आहे, ते उगाच नाही. हिरवी हगवण म्हणजे राणीखेत, असं गावात सर्रास धरतात. कोंबडी कुठल्याही कारणाने दोन दिवस खायची थांबली की पोटात नुसतं पित्त उतरतं आणि विष्ठा हिरवी होते. म्हणजे हिरवा रंग फक्त एवढंच सांगतो की ती जेवत नाहीये. उलट, दिवसातून काही वेळा कोंबडी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठा टाकते, ती अगदी निरोगी असते. मी पहिल्या वर्षी तेवढ्यावरून घाबरून औषधं आणली होती.

रंगापेक्षा मी आधी तीन गोष्टी बघते. किती दिवसांत किती मेल्या, कोणत्या वयाच्या मेल्या, आणि त्याआधी पंधरा दिवसांत घरात नवीन काय आलं.

तिसऱ्या प्रश्नाचं महत्त्व मला असं कळलं. आमच्या वाडीत वर्षातून एकदा राखण, म्हणजे राखणदार देवाचा मान, देतात, त्याला कोंबडा लागतो. एका वर्षी घरचा कोंबडा जिवावर आला म्हणून तालुक्याच्या बाजारातून एक आणला. दोन रात्री आमच्याच खुराड्यात ठेवला. छान तुरेबाज होता, आरवत होता. राखण झाली, कोंबडा गेला. पाचव्या दिवशी सकाळी दार उघडलं तर नेहमी सगळ्यांच्या आधी उडी मारणारी कोंबडी आत कोपऱ्यात बसलेली. संध्याकाळी तिच्या सोबत आणखी तीन. मग घशातून घरघर, चोच उघडून श्वास, पातळ हिरवं हगणं. नऊ दिवसांत ३४ पैकी २६ गेल्या. तलंगाही गेल्या, जुन्याही गेल्या, पिल्लं तर सगळीच. ज्या उरल्या त्यांतल्या दोघींच्या माना पिळवटल्या, दाणा टिपायला गेल्या की चोच भलतीकडेच पडायची. मान मोडलेली दिसत नाही म्हणजे मानमोडी नाही, असं समजू नका. हे लक्षण बहुधा उशिरा, टिकून राहिलेल्या कोंबड्यांत दिसतं. बाजारातल्या त्या कोंबड्याच्या अंगात रोग होता आणि दिसायला अजून यायचा होता, एवढंच. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी पंधराही.

तेव्हा तुम्ही आठवून बघा: बाजारातून काही आणलंत? पाहुण्यांनी कोंबडी भेट दिली? शेजाऱ्यांकडे मर होती आणि त्यांनी पिसं, आतडी गडग्यापलीकडे टाकली?

तुमचं चित्र याच्याशी जुळत नसेल तर मात्र वेगळा विचार करा. फक्त तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं मरत असतील, मोठ्या ठणठणीत असतील, पावसाचे दिवस असतील आणि विष्ठेत रक्त असेल, तर ती रक्ती हगवण, कॉक्सिडिओसिस. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये हिच्याइतकं पिल्लांना काही मारत नाही, कारण खुराड्यातली जमीन वाळतच नाही. हिच्यावर मात्र औषध आहे आणि ते वेळेत दिलं तर डोळ्यांदेखत गुण येतो: अँप्रोलियम, पाण्यातून, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात, पाच ते सात दिवस. एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. हे औषध त्या परजीवीचं बी-१ जीवनसत्त्व तोडून काम करतं. त्यामुळे ‘ताकद यावी’ म्हणून त्याच वेळी बी-कॉम्प्लेक्स पाजलंत तर औषधाचा जोर कमी होतो. ते औषध संपल्यावर द्या. आणि ओला तूस, भुसा काढून टाकल्याशिवाय नुसतं औषध म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरणं.

तोंड सुजलं, डोळा बंद झाला, नाकातून घाण वासाचा चिकट द्रव येतोय, पण मरतात फार थोड्या, तर ती बहुधा कोरायझा, म्हणजे जिवाणूंची सर्दी. इथे प्रतिजैविकाचा उपयोग होतो, पण कोणतं ते डॉक्टरांना ठरवू द्या. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती काळपट खपल्या म्हणजे देवी, डास पसरवतात. खपल्या उपटू नका. एकच कोंबडी शेपूट खाली करून जोर काढतेय आणि बाकी मजेत आहेत, तर अंडं अडकलं असेल. कोमट पाण्यात कंबरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसवा. हळूहळू महिनोन् महिने झुरणाऱ्या, तुरा फिका पडलेल्या, हातात घेतल्यावर छातीचं हाड टोचणाऱ्या कोंबडीला बहुधा जंत असतात किंवा गोचीड. गोचीड दिवसा अंगावर दिसत नाही, खुराड्याच्या फटीत लपते आणि रात्री येऊन रक्त पिते. रात्री दहा वाजता बॅटरी घेऊन पंखाखाली आणि फळ्यांच्या सांध्यात बघा. आमच्या एका शेजारणीने दोन वर्षं टॉनिकवर पैसे घातले, आणि खुराड्याची जुनी फळी काढली तर तिच्यामागे गोचिडींची रांग.

आणि एका रात्रीत, काही न दिसता, चार-सहा मेलेल्या सापडल्या तर आधी विचार विषाचा करा. उंदरांचं औषध, फवारलेलं बियाणं. पण फक्त विषाचाच नको.

२००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच नवापूरला, नंदुरबार जिल्ह्यात. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला, आणि तिथे तर परसातल्या कोंबड्या होत्या. बाहेरून बर्ड फ्लू आणि राणीखेत ओळखू येत नाहीत. डॉक्टरही नुसतं बघून छातीठोक सांगणार नाहीत, नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जातो. म्हणून आठवड्यात सहा मेल्या असताना तुम्ही पहिलं काम करायचं ते औषध शोधण्याचं नाही, कळवण्याचं. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा किंवा १९६२ वर फोन करा. ‘सगळ्या मारून टाकतील’ या भीतीने लोक लपवतात, मला ती भीती समजते, मीही त्या वेळी दोन दिवस गप्प बसले होते. त्या दोन दिवसांत वाडीतल्या आणखी चार घरांत रोग गेला. कदाचित आधीच गेला असेल. पण शेजारची म्हातारी अजून मला ते ऐकवते.

आता माझा खरा सल्ला. मेलेली कोंबडी फेकू नका. निदानासाठी तुमच्या हातात तिच्याइतकं खात्रीचं दुसरं काही नाही. पेंगणाऱ्या जिवंत कोंबडीकडे बघून दहा रोगांची नावं घेता येतात. ताजी मेलेली उघडली की डॉक्टरांचं काम पाच मिनिटांत सोपं होतं. राणीखेतीत पोटाआधीच्या छोट्या जठरावर आतून रक्ताचे ठिपके दिसतात. रक्ती हगवणीत आतड्याच्या दोन आंधळ्या पिशव्या रक्ताने गच्च असतात. जंत असतील तर आतड्यात शेवयांसारखे पडलेले दिसतात. पण हे घरी विळीवर करू नका. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी, तोंडाला फडकं, कोंबडी दोन पिशव्यांत बांधून भोवती बर्फ, आणि चार-पाच तासांत दवाखान्यात. फ्रीजरमध्ये गोठवू नका, आतलं सगळं बिघडतं. निघण्याआधी फोन करून आठवड्यात किती मेल्या ते सांगा. कधी कधी डॉक्टर ‘आणू नका, आम्हीच येतो’ म्हणतात.

याच्याच जोडीला एक नाजूक विषय. मरायला टेकलेली कोंबडी ‘फुकट जाऊ नये’ म्हणून कापतात, मीही लहानपणी खाल्लेली आहे. शिजवल्यावर विषाणू मरतो हे खरं, पण धोका ताटात नाही, कापण्यात आहे. पिसं, रक्त, आतडी, ते पाणी जिथे ओतलं ती जागा. कावळा एक आतडं उचलतो आणि दुसऱ्या वाडीत टाकतो. हे थांबवाच. मेलेल्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, टाकू नका, तीन-चार फूट खोल खड्डा, वर चुना आणि माती, कुत्रं उकरणार नाही असा दगड.

डॉक्टर येईपर्यंत: चांगल्या दिसणाऱ्या कोंबड्या खुराड्यातून बाहेर काढून वेगळ्या जागी न्या. बहुतेक जण आजारी उचलतात आणि निरोगी त्याच घाणीत ठेवतात. दाणा-पाणी आधी निरोगींना द्या, आजारींना शेवटी, आणि त्यानंतर त्या दिवशी निरोगींकडे फिरकू नका. चपला वेगळ्या. आजारींना सावली, ऊब, गूळ-मिठाचं पाणी, मऊ भात. मान पिळवटलेली कोंबडी स्वतः टिपू शकत नाही, तिला हाताने भरवलं तर कधी कधी जगते. माझी एक जगली, पण अशा कोंबडीच्या विष्ठेतून काही काळ रोग पसरतो, तिला लगेच कळपात सोडायचं नाही. पावडर आता बंद करायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, मात्र ती दिल्यापासूनची अंडी घरात खाऊ नका आणि विकू नका. किती दिवस, ते पाकिटावर असतं.

ज्या अजून ठणठणीत आहेत त्यांना आत्ता लस द्यावी का? काही डॉक्टर देतात. ज्यांच्या अंगात रोग शिरलाय त्या लस दिली तरी जातात आणि मग लोक म्हणतात लसीने मेल्या. निर्णय डॉक्टरांवर सोडा.

पुढच्या खेपेला मात्र लस चुकवू नका. पिल्लू सात दिवसांचं झालं की लासोटा ही राणीखेतीची लस डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ आठवडे पूर्ण झाल्यावर त्याच रोगाची दुसरी लस, आर टू बी, टोचून. आर टू बी त्याआधी देऊ नका, पिल्लांना झेपत नाही. टोचण्याच्या एक आठवडा आधी जंताचं औषध द्या. अडचण अशी की लासोटाची लहानात लहान कुपीही शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, आणि एकदा पाणी मिसळलं की तास-दोन तासांत संपवावी लागते. पंचवीस कोंबड्यांसाठी कोण आणणार? आम्ही वाडीतली आठ घरं मिळून आणतो. एकजण थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणतो, संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घरोघर फिरतो, म्हणजे अंगणभर धावत पकडाव्या लागत नाहीत. थेंब घालताना स्वतःचे डोळे चोळू नका, लाल होतात. स्वानुभव.

खुराडं मी त्या वेळी झाडून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून, चुना मारून पूर्ण महिनाभर रिकामं ठेवलं. आणि आता बाहेरून आलेला पक्षी, मग तो सख्ख्या बहिणीने दिलेला का असेना, आधी तीन आठवडे मांगरात डालग्याखाली एकटा राहतो. राखणीचा कोंबडा घरचाच देतो.